कान्हेरीच्या पाषाणावरील कल्याणकर

महाराष्ट्राविषयी मनोरंजक माहिती देणाऱ्या पुस्तिकांची घडण आता ठरून गेली आहे. राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली. कळसूबाई हे सर्वांत उंच शिखर असून त्याची उंची १६४६ मीटर आहे. शेकरू हा राज्यप्राणी, ताम्हण हे राज्यपुष्प. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. स्पर्धा परीक्षांना बसणारी आमच्या मोहने-आंबिवली परिसरातील मुले ही माहिती मुखोद्गत करतात आणि त्यांनी ती करावीच. या पुस्तिकांत लेण्यांनाही एक परिच्छेद मिळतो. अजिंठा व वेरूळ यांचा १९८३ साली जागतिक वारशात समावेश झाला, एवढे सांगून लेखक पुढे सरकतो. ही लेणी कोणी कोरविली, असा प्रश्न उपस्थित झालाच, तर उत्तरादाखल एखाद्या राजघराण्याचे नाव पुढे केले जाते.

आमच्या मते या राज्याची सर्वांत विस्मयकारक गोष्ट नेमकी येथेच झाकली जाते. सह्याद्रीच्या भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जी नावे कोरली गेली, त्यांत राजे आणि अमात्य आहेतच. परंतु लोहार, सोनार, सुतार, माळी, मच्छीमार, धान्याचे व्यापारी, भिक्खू आणि भिक्खुणी यांची संख्या फार मोठी आहे. जगातील बहुतेक प्राचीन समाजांत ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, अशा लोकांची नावे, गावे आणि व्यवसाय येथे दगडात टिकून आहेत. त्या गावांत कल्याणचे नाव पुनःपुन्हा येते.

मोहन्याला या इतिहासाशी जोडणारा पहिला धागा उल्हास नदीचा आहे. राजमाचीच्या डोंगरांतून निघालेली ही नदी कर्जत व बदलापूर ओलांडून आमच्या काठाने कल्याणकडे जाते. तिच्या उगमाकडील भागात, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाणे येथील लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाजवळ एका भग्न मूर्तीच्या मस्तकापाशी लहानसा लेख असून कण्ह याचा शिष्य बलक याने ते काम केले, एवढीच नोंद त्यात आहे. राजाचे नाव नाही, कालगणना नाही. कारागीर आणि त्याचा गुरू एवढेच. (कर्जत तालुक्यात आंबिवली नावाचेही एक बौद्ध लेणे आहे. आमच्या आंबिवली स्थानकाशी त्याचा संबंध नाही. नामसाधर्म्यामुळे अनेकांचा घोटाळा होतो, म्हणून हा खुलासा.) कल्याणपासून जवळच, भिवंडी तालुक्यातील लोनाड येथेही एक लेणे असून तेथील शिल्पपट्टाचा संबंध विद्वानांनी वेस्सन्तर जातकाशी जोडला आहे.

आता कल्याणकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत ‘कल्लिएना’ या बंदराचा उल्लेख आहे. हे बंदर पूर्वी रीतसर व्यापारपेठ होते, पण पुढे सत्ता पालटल्यावर तेथे अडथळे उत्पन्न झाले आणि चुकून तेथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो सांगतो. सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप यांच्या संघर्षाची ही बंदरावरून दिसलेली बाजू होय. संघर्ष ओसरल्यावर कल्याण पुन्हा उभे राहिले आणि सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशानेही त्याची मोठ्या बंदरांत गणना केली. परंतु परक्यांच्या या साक्षींपेक्षा कल्याणकरांची स्वतःची साक्ष अधिक मोलाची आहे आणि ती कान्हेरीला आहे.

कान्हेरी येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. शिलालेखांत या डोंगरास ‘कण्हगिरि’ म्हणजे कृष्णगिरी म्हटले आहे. सोपारा, कल्याण, चेऊल या बंदरांतील उपासकांनी हा विहारसमूह वाढविला. कल्याणचा एक सोनार सामिदत्त. त्याने येथे पाण्याची ‘पोढी’ म्हणजे टाके दान दिले. कल्याणचाच नद नावाचा ‘कमार’, म्हणजे धातुकाम करणारा लोहार. त्याचे दान आहे एक वाट. डोंगरावर चालण्यासाठी वाट! ज्याच्या हाती घण आणि छिन्नी होती, त्याने कोणत्या वस्तूची उणीव ओळखली, हे पाहण्यासारखे आहे. सोपाऱ्याचा नागपालित हा मणिकार होता. दामिला या भिक्खुणीचे दानही कान्हेरीच्या लेखांत नोंदलेले आहे.

कल्याणच्या दात्यांपैकी सर्वांत सविस्तर लेख अपरेणुक या व्यापाऱ्याचा आहे. यज्ञश्री सातकर्णीच्या सोळाव्या राज्यवर्षी, म्हणजे स्थूलमानाने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, आनंदाचा पुत्र असलेल्या या उपासकाने सहकुटुंब एक लेणे दान दिले. पण लेणे कोरून दिले म्हणजे काम संपले, असे त्याने मानले नाही. त्याने दोनशे कार्षापण आणि मंगलठाण गावातील शेत ‘अक्षयनीवी’ म्हणून लावून दिले. मुद्दल तसेच राहावे आणि त्याच्या उत्पन्नातून वर्षावासातील भिक्खूंचे चीवर व इतर गरजा भागाव्यात, अशी ही योजना होती. मंगलठाण म्हणजे बोरिवलीतील आजचे मागाठाणे. इतकी शतके लोटूनही ते नाव ओळखू येते; बसच्या पाटीवर ते वाचणाऱ्या किती जणांना त्या शेताची वार्ता असेल?

कान्हेरीच्या आणखी एका लेखात कल्याण येथील अंबालिका विहाराचा उल्लेख आहे. अर्थात कल्याण शहरातच विहार होता. आज त्याची एक वीटही दाखविता येत नाही. शहरावर शहर चढले आणि विहार तळाशी गेला. त्याचे नाव मात्र कान्हेरीच्या डोंगरावर राहिले.

कल्याणचा माल मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नरला जाई. नाणेघाटातील गुंफेत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण यांची दक्षिणा, असा त्याचा विषय असून भारतातील सर्वांत जुन्या लिखित अंकांपैकी काही अंक त्यात आढळतात. येथे एक गोष्ट ध्यानी येते. घाटाच्या माथ्यावर राजकुल आपल्या यज्ञांची दक्षिणा मोजीत होते. त्याच वाटेने ये-जा करणारे व्यापारी आणि कारागीर घाटाखाली कान्हेरीत व घाटावर जुन्नरात संघासाठी टाकी आणि लेणी कोरवीत होते. पुढे सातवाहनांनीही संघाला उदार दाने दिली, हे खरे. परंतु धम्माचा प्रसार केवळ राजाश्रयाने झाला, हे पाठ्यपुस्तकी विधान या घाटवाटेवर टिकत नाही.

जुन्नरच्या डोंगरांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. लेण्याद्री येथील सहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह हे कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे. त्याला लागूनच सातव्या क्रमांकाच्या लेण्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान आहे. दरवर्षी असंख्य भाविक त्या पायऱ्या चढतात. शेजारच्या चैत्यगृहात कोणीही जाऊ शकतो आणि कल्याणकराचे नाव पाहू शकतो. पाहणारे थोडे, इतकेच.

श्रेणी म्हणजे एकाच व्यवसायातील कारागिरांचा संघ. या श्रेणी पेढीचेही काम करीत, हे नाशिकच्या लेण्यांत स्पष्ट दिसते. क्षहरात नहपानाचा जामात उषवदात याने बेचाळिसाव्या वर्षी तीन हजार कार्षापण अक्षयनीवी म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींत ठेविले: दोन हजार दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यावयाचे नाही, व्याजच उपभोगावयाचे. दोन हजारांवर महिन्याला वीस, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस कार्षापण होतात. आणि लेख सांगतो की, वर्षावासातील वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा मिळावेत. हिशेब तंतोतंत जुळतो. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवून फलकावर नोंदविला गेला, असेही त्यात नमूद आहे. राजाचा जामात आपले द्रव्य विश्वासाने विणकरांच्या हाती देतो आणि त्याची जाहीर नोंद करवितो. या एका लेखातून त्या काळच्या कारागीरवर्गाची पत कळते.

जुन्नरच्या एका लेखात तर ‘वसकार’ म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि ‘कासाकार’ म्हणजे कासारांच्या श्रेणींकडे ठेवी असल्याची नोंद आहे. पाली ग्रंथांत वेणकाम करणाऱ्यांची गणना त्या काळचा समाज हीन मानीत असे, अशा कुळांत येते. म्हणजे ज्यांना समाजाने खालचे ठरविले, त्यांच्याकडे संघासाठीचे धन सुरक्षित मानले गेले. नाशिकच्या एका लेण्याचा दाता मुगुदास हा ‘दासक’, म्हणजे मच्छीमार असून त्याने ते परिवारासह दिले. धर्मशास्त्रांनी मत्स्यजीवींना कोणते स्थान दिले, हे वाचकांस सांगावयास नको.

तथापि येथे आमच्याच लोकांस एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक वाटते. शिलालेख व्यवसाय सांगतात, आजच्या अर्थाने जात सांगत नाहीत. कल्याणचा नद लोहार होता, म्हणून तो अमुक जातीचा पूर्वज, असे म्हणण्यास आधार नाही. शब्दही फसवितात. ‘कासाकार’ यावरून आपला ‘कासार’ आला, हे सरळ आहे. परंतु नाशिकच्या लेखातील ‘कोलिक’ हा शब्द ऐकून कोळी आठवले, तरी त्याचा अर्थ विणकर असा आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दि अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इ.स. ४०० च्या सुमारास झाला, असे प्रतिपादन केले आहे. येथे आलेले लेख त्याच्या आधीच्या शतकांतील आहेत, एवढे निःसंशय म्हणता येते आणि एवढेच पुरेसे आहे. दुसऱ्यांनी आपल्या लेण्यांवर काल्पनिक कथा लादल्या, अशी आपली तक्रार असेल, तर आपण तरी त्या लादू नयेत.

त्या कथा कशा निर्माण झाल्या, हेही समजून घेतले पाहिजे. ब्राह्मी लिपीचे वाचन लुप्त झाले आणि नावे असलेल्या भिंती मुक्या झाल्या. मुक्या भिंतींना लोकांनी ठाऊक असलेली नावे दिली. नाशिकची लेणी ‘पांडवलेणी’ झाली, ती अशी. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मीचा उलगडा केला. त्यानंतर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेखांची वाचने सिद्ध केली. बर्जेस यांच्यासह त्यांचा लेखसंग्रह १८८१ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १८८२ मध्ये, त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकलून त्यातील धातुकरंडक उजेडात आणला. नद, सामिदत्त, अपरेणुक ही नावे अशा रीतीने पुन्हा उच्चारली जाऊ लागली. एक शब्द मात्र मधल्या काळातही लोकांच्या तोंडून गेला नव्हता. शिलालेखांत गुंफेला ‘लेण’ म्हटले आहे. आपण आजही ‘लेणे’ म्हणतो. पांडवांची कथा सांगणाऱ्यानेही शब्द वापरला तो दात्यांचाच.

कान्हेरीत वसती दीर्घकाळ राहिली. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि त्याचे मांडलिक शिलाहार यांच्या काळीही तेथे दाने दिली जात होती. एक दाता तर गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेला होता. १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावे पहलवी लिपीत तेथे कोरून ठेविली आहेत.

आमच्या मोहन्यात रेयॉनच्या कारखान्यामुळे गावोगावचे कामगार येऊन वसले. तो कारखाना २००९ मध्ये बंद पडला. त्या कामगारांच्या मुलानातवंडांपैकी अनेकांनी अजिंठा पाहिला आहे, कान्हेरी मात्र पाहिलेली नाही, असे आम्हांस आढळते. कल्याणहून दादरमार्गे बोरिवलीला जावे. राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून लेणी काही किलोमीटर आत आहेत. उद्यान सोमवारी बंद असते. पावसाळ्याच्या अखेरीस गेल्यास लेण्यालेण्यांपाशी कोरलेली टाकी भरलेली दिसतात. सोबत ब्राह्मीच्या मुळाक्षरांचा तक्ता न्यावा. ‘देयधम’ म्हणजे दान, हा शब्द बहुतेक लेखांच्या शेवटी येतो आणि त्याची अक्षरे ओळखण्यास सर्वांत सोपी आहेत. तेथून मागे मागे वाचीत गेले की दात्याचे नाव लागते.