कर्नल थ्रेडची मेमरी नेमकी कुठे असते?

खंडाळ्यात मिळणारी वस्तू आणायला कुणी खंबाटकी घाट ओलांडून वाईला जात नाही. संगणक मात्र असं करू शकतो. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकाच्या सर्व्हरमध्ये दोन प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाजवळ स्वतःची मेमरी. पलीकडची मेमरी वाचता येते, पण वेळ जास्त लागतो. याला ‘नुमा’ रचना म्हणतात.

कर्नल थ्रेड म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचे पडद्यामागचे कामगार. लिनक्समध्ये पूर्वी थ्रेड एका बाजूला आणि त्याचा स्टॅक दुसऱ्या बाजूला, असं सहज व्हायचं. २०११च्या २.६.३९ आवृत्तीपासून स्टॅकची बाजू आधीच सांगता येते. पण गंमत अशी की, २०२५पर्यंत थ्रेड कुठे धावेल हे त्यावरून ठरत नसे. त्याला प्रोसेसरशी बांधण्याची सूचना वेगळी द्यावी लागे.