फट नावाचं जंक्शन

सोलापूरकराला जंक्शन म्हटलं की होटगी आठवतं, नाहीतर कुर्डुवाडी. कुर्डुवाडीला बार्शी लाइटच्या अडीच फुटी गाडीतून उतरायचं आणि बोचकी सांभाळत मोठ्या गाडीत चढायचं. होटगीला विजापूर-गदगकडची मीटर गेज मिळायची. तिन्ही मापांचे रूळ एकाच जिल्ह्यात होते. त्यामुळे बी.एस्सी.ला प्राणिशास्त्राच्या पुस्तकात ‘गॅप जंक्शन’ हा शब्द पहिल्यांदा भेटला तेव्हा मला पेशींऐवजी फलाट दिसला. एका रुळावरचा माल दुसऱ्या रुळावर चढवण्याची जागा. हा अंदाज फारसा चुकला नव्हता. चुकलेलं आहे ते नाव, आणि त्या चुकीला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे.

त्याच वर्षी प्रॅक्टिकलला 48 तास उबवलेलं अंडं समोर आलं. दोन वेळा लोडशेडिंगने इन्क्युबेटर गार पडून ट्रेच्या ट्रे वाया गेले होते. सर वैतागून म्हणायचे, मे महिन्यात घ्या हे प्रॅक्टिकल, सोलापूरच्या उन्हात अंडी नुसती टेबलावर ठेवली तरी उबतील. तिसऱ्या खेपेला जमलं. अंडं फोडायचं नसतं. कोमट मिठाच्या पाण्यात आडवं धरून वरच्या अंगाला कवचाला खिडकी पाडायची, बलकावर पसरलेल्या चकतीभोवती बारीक कात्री फिरवायची आणि ती चकती अलगद उचलून वॉच ग्लासमध्ये घ्यायची. भिंगाखाली पांढुरका, मान वाकडी केलेला एक जीव दिसला. नखाच्या कडेवर मावेल एवढा. त्याच्या उजव्या बाजूला फुगवटा आलेली एक नळी होती आणि ती उडत होती. आमच्या बॅचचा गलका एकदम थांबला.

अ‍ॅरिस्टॉटलनेही अंड्यात तिसऱ्या दिवशी उडणारा हा लाल ठिपका पाहून लिहून ठेवला आहे. 1651 साली विल्यम हार्वेने पुन्हा पाहिला. आमच्या वॉच ग्लासपर्यंत तो आला त्यात मात्र पुण्याचा हात आहे. एडिंबरोला कॉनराड वॉडिंग्टन यांच्याकडे काम करून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या गर्भावर काम करणारी माणसं तयार केली. 1955 मध्ये डेनिस न्यू या इंग्रज शास्त्रज्ञाने गर्भ कवचाबाहेर वाढवायची सोपी युक्ती काढली होती: बलकावरचा पातळ पापुद्रा काचेच्या कड्यावर ताणायचा आणि त्यावर गर्भ वाढू द्यायचा. आपल्याकडे ही पद्धत रुजायला कारण सरळ होतं. अंडी कोपऱ्यावर मिळत होती, त्यासाठी परकीय चलन लागत नव्हतं. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही हे काम चाललं.

त्या दिवशी मी सरांना विचारलं होतं, सर, याला अजून हृदयापर्यंत पोचणारी नससुद्धा नाही, मग ठेका कोण देतं? सर म्हणाले, शेजारी शेजाऱ्याला सांगतो.

हे शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगणं पहिल्यांदा पकडलं ते उट्रेख्टच्या थिओडोर एंगेलमान याने. हा गृहस्थ चेलो वाजवायचा, आणि ब्राम्सने आपली एक स्ट्रिंग क्वार्टेट त्याला अर्पण केली आहे, पण ते असो. 1875 मध्ये त्याने बेडकाच्या हृदयाच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, नागमोडी चिरा दिल्या. सरळ वाट कुठे उरलीच नाही. तरी एका टोकाला दिलेला धक्का वळसे घेत दुसऱ्या टोकाला पोचला. म्हणजे नसांवाचून, स्नायूच्याच पेशींतून निरोप जात होता. दोन वर्षांनी त्याला आणखी एक गंमत दिसली. स्नायूचा एक भाग कापला की जखमेलगतच्या पेशी मरतात, पण मरण पुढे सरकत नाही; शेजारची पेशी थोड्या वेळाने आपलं दार लावून घेते. या पेशी जगतात एकत्र, मरतात मात्र एकेकट्या, असा निष्कर्ष त्याने काढला.

दार कुठे आहे ते कळायला पाऊण शतक गेलं. बहुतेकांनी सोपा मार्ग धरला: हृदयाच्या पेशींना मुळी भिंतीच नाहीत, तो सगळा एकच गोळा आहे. पाठ्यपुस्तकांत हे मत ठाण मांडून बसलं. 1954 मध्ये स्टॉकहोमच्या श्योस्ट्रांड आणि अँडरसन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर प्रत्येक पेशीला तिची अख्खी भिंत होती. आता पंचाईत झाली. कारण दोनच वर्षांपूर्वी सिल्वियो वाइडमान या स्विस शास्त्रज्ञाने मोजून दाखवलं होतं, की हृदयाच्या वहनतंतूत विजेचा प्रवाह जवळजवळ दोन मिलिमीटर सहज पसरतो. पेशी त्याहून कितीतरी आखूड. घरं वेगळी, भिंती धड, आणि वीज मात्र आळीभर खेळतेय.

ती वाट एका विशिष्ट जागी आहे हे 1960च्या दशकात हळूहळू दिसलं. दोन पेशींच्या भिंती काही ठिकाणी इतक्या जवळ येतात की त्या चिकटल्यासारख्याच वाटायच्या. ड्यूई आणि बार यांनी त्या जागेला ‘नेक्सस’, म्हणजे जोड, म्हटलं. 1967 मध्ये हार्वर्डमध्ये झां-पॉल रेव्हेल आणि मॉरिस कार्नोव्हस्की यांनी उंदराच्या हृदयात आणि यकृतात लँथेनम या धातूचं संयुग भरलं. पेशींच्या मधल्या जागेत ते शाईसारखं झिरपलं आणि चित्र पालटलं. भिंती चिकटलेल्या नव्हत्या. मधे दोन-तीन नॅनोमीटरची फट होती, आणि त्या फटीत षटकोनी रांगोळी मांडावी तसे ठिपके उभे होते.

फट दिसली, म्हणून गॅप जंक्शन. नाव तिथेच चिकटलं. पण आजूबाजूला त्याच पेशींमधली फट साधारण वीस नॅनोमीटर असते! म्हणजे दोन पेशी जिथे एकमेकींच्या सगळ्यात जवळ येतात, त्या जागेला आपण फट म्हणतो. ‘नेक्सस’ टिकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. ‘जंक्शन’ या अर्ध्याबद्दल मात्र तक्रार नाही. लॅटिनमधलं जोडणं आणि संस्कृतातला युज् धातू हे एकाच घराण्यातले. त्याच घराण्यातून आपला योग आला आणि बैलांच्या मानेवरचं जूही आलं. दोन बैल एका जुवाला, तसंच ते.

त्या रांगोळीतला एकेक ठिपका म्हणजे सहा प्रथिनांचं कडं. या पेशीचं एक, शेजारणीचं एक, दोन्ही टोकाला टोक लावून बसली की आरपार बोगदा तयार. त्यातून क्षार जातात, छोटे रेणू जातात. मोठी प्रथिनं जात नाहीत. कॅल्शियम वाढलं की बोगदा मिटतो, एंगेलमानच्या पेशी दार लावून घेत होत्या त्या अशा. प्रथिनाला 1974 मध्ये डॅनियल गुडइनफ याने ‘कनेक्सिन’ नाव दिलं. पुढे त्याची भावकी निघाली तेव्हा वजनावरून आकडे पडले: कनेक्सिन 40, 43, 45. उंदीर-माणसाच्या हृदयात 43चा पसारा सर्वांत मोठा.

आता सगळं जुळल्यासारखं वाटत होतं. बोगदे विजेसाठी, वीज ठेक्यासाठी. कनेक्सिन 43 काढून टाकलं तर गर्भाचं हृदय ठेकाच धरणार नाही, गर्भ आतच मरेल, अशी अपेक्षा होती. 1995 मध्ये कॅनडात जॅनेट रोसां आणि सहकाऱ्यांनी हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. (‘सायन्स’मधल्या त्या लेखाच्या लेखकांत एक कुलकर्णीही आहेत, आपलं माणूस दिसलं की बोट थांबतंच.) पिल्लं पोटात मेली नाहीत. दिवस भरले, हृदय धडधडत होतं, जन्म झाला. आणि जन्मल्यावर थोड्याच वेळात ती गेली.

छाती उघडली तेव्हा कारण दिसलं. उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे जाणारी वाट आतून वाढलेल्या ऊतीने बुजली होती. आईच्या पोटात प्राणवायू वारेतून येतो, फुप्फुसाची वाट तिथे जेमतेम वापरात असते, म्हणून दोष दडून राहिला. पहिला श्वास घ्यायची वेळ आली आणि रस्ता बंद. ठेका शाबूत, घडण बिघडलेली.

कुळकथेला खरं वळण मिळतं ते इथे. तोवर सगळ्यांनी या बोगद्यांना विजेच्या तारा समजून हाताळलं होतं. मग अमेरिकेत सेसिलिया लो यांच्या गटाने माग काढला. गर्भाच्या पाठीकडे, मज्जारज्जू घडतो तिथल्या कडेवरून काही पेशी निघतात आणि चालत चालत हृदयाच्या बाहेर पडणाऱ्या नळीपाशी येतात. महाधमनी आणि फुप्फुसधमनी वेगळी करण्याचं काम त्यांचं. या वाटसरू पेशींतही कनेक्सिन 43 असतं. ते कमी केलं तर त्यांची चाल मंदावते, जास्त केलं तर वाढते, आणि दोन्ही तऱ्हांनी हृदयाची बाहेरची वाट बिघडते. नुसतं बोलणं पुरत नाही, मापात बोलावं लागतं. पुढे असंही दिसलं की या प्रथिनाचा वाटा बोगद्यापुरता नाही, पेशीने तोंड कुठे करायचं हे ठरण्यातही तो आहे. ‘शेजारी शेजाऱ्याला सांगतो’ हे सरांचं उत्तर मला तेव्हा पूर्ण वाटलं होतं. ठेक्याव्यतिरिक्तही त्यांच्यात काही चाललं असेल, हे मी विचारलंच नव्हतं.

माणसाच्या बाबतीत घाई झाली. त्याच 1995 साली डाव्या-उजव्याची रचना बिघडलेल्या हृदयांच्या मुलांत या जनुकाचे दोष सापडल्याची बातमी मोठ्या नियतकालिकात आली. इतरांनी आपापल्या रुग्णांत शोधलं तर ते सापडले नाहीत.

आणि रुळांची मापं. इथे मला कुर्डुवाडी पुन्हा आठवते. कनेक्सिन 45चा बोगदा अरुंद, 43चा मध्यम, 40चा रुंद. गर्भाचं हृदय आधी नुसती नळी असतं आणि तिच्यात 45ची नॅरो गेज. लाट एका टोकाकडून दुसऱ्याकडे रमतगमत जाते. मग नळीला कप्प्यांचे फुगे येऊ लागतात आणि तेवढ्या भागात 40 आणि 43 येतात, ब्रॉडगेज पडते. दोन कप्प्यांमधला गळा मात्र मुद्दाम जुन्या रुळावर राहतो. टीबीएक्स-2 आणि टीबीएक्स-3 ही जनुकं तिथे नवे बोगदे येऊ देत नाहीत. वरचा कप्पा झटकन आकसतो, निरोप गळ्यात रेंगाळतो, मग खालचा आकसतो. झडपा अजून घडायच्या असतात, त्यामुळे या रेंगाळण्यावर रक्ताची दिशा बरीच अवलंबून असते. 45 काढून टाकलेल्या उंदरांचा गर्भ दहाव्या दिवसाच्या आसपास मरतो, आणि त्यात झडपांचा पाया असलेल्या उशाही नीट धरत नाहीत. गेज बदलायच्या जागी गाडी थांबते म्हणून आम्ही वर्षानुवर्षं कुर्डुवाडीला शिव्या घातल्या.

आमच्या वॉच ग्लासमधलं पाणी हळूहळू गार होत होतं. कोमट पाण्याची पिचकारी सोडली की नळी पुन्हा जोर धरायची. तासाभराने पिचकारीचाही उपयोग होईना. पुढचा फुगवटा आधी थांबला. मागचा, रक्त आत येतं तिकडचा, बराच वेळ एकटाच हलत राहिला. वर्गातली निम्मी मुलं डबा खायला गेली होती. सरांनी भिंगातून एकदा पाहिलं आणि गर्भ जतन करायच्या बुइन्स द्रावणाची बाटली पुढे सरकवली. म्हणाले, आता यात टाका, आणि जर्नलला आकृती पेन्सिलनेच काढा.