पानातले सत्त्व व डबीतली गोळी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत या खेपेस मीही चार ओळी लिहाव्या असा भगिनींचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विद्वत्तेचे काही मला सांगता येणार नाही. पण जी हकिकत वाचून माझे डोळे उघडले, ती सांगते.

गेल्या हळदीकुंकवाला आपल्यात वाद निघाला होता, तो पुष्कळजणींना आठवत असेल. माझ्या भाचीला दिवस गेले आहेत. दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या तिने घ्याव्या की नाही? एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "गोळ्या म्हणजे कारखान्यातला माल. आम्ही पालेभाजी खाऊनच पोरे वाढवली." एक तरुण सून म्हणाली, "गोळी घेतली की झाले; मेथी निवडीत कोण बसतो?" मला दोघींचेही पुरते पटेना. म्हणून या गोळीचे मूळ शोधू लागले, तर ते आपल्या मुंबईतच सापडले!

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. त्या वेळी गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत व कित्येकजणी दगावत. रक्त तपासले तर तांबड्या पेशी थोड्या, आणि ज्या होत्या त्या नको तेवढ्या मोठ्या. नुसत्या लोहाने हा आजार हटेना. लूसीबाईंनी या बायका घरी काय खातात याची चौकशी केली. ज्यांच्या ताटात भाजी, फळे व दूधदुभते बेताचेच, त्यांच्यातच हा आजार अधिक. खाऊनपिऊन सुखी घरच्या बायकांत कमी. तेव्हा दोष अन्नात आहे हे त्यांनी ताडले.

परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी आधी उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग केले. शेवटी मार्माईट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिला, आणि आजारी माकड सुधारले. तोच अर्क गरोदर बायकांना दिला, तर त्यांचेही रक्त भरून येऊ लागले. १९३१ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केले. पण त्या अर्कातले नेमके कोणते सत्त्व गुण देते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे असे दिसले की, यकृताचा साधा अर्क या आजारावर चालतो, पण तोच फार शुद्ध केला की चालत नाही. शुद्ध करता करता गुणाचा भागच निघून जाई!

१९४१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून ते सत्त्व चिमूटभर काढले. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्याला नाव पडले फोलिक ॲसिड. १९४५ च्या सुमारास ते कारखान्यात तयार झाले. ज्या मंडळींनी ते केले त्यांचे प्रमुख आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. भगिनींनो, म्हणजे गोळीचे माहेर पालकाच्या जुडीतच आहे.

आता कोणते श्रेष्ठ? खरे सांगायचे तर भाजीतल्या या सत्त्वापैकी साधारण निम्मेच अंगी लागते. गोळीतले बरेच जास्त लागते. शिवाय भाजी फार उकळून पाणी ओतून दिले की उरलेलेही जाते. बाळाचा मज्जारज्जू व मेंदू ज्या नळीतून घडतो, ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, बाईला दिवस गेल्याचे कळण्याच्या सुमारास. एका बाळात ही नळी नीट न मिटलेल्या मातांना आधीपासून ही गोळी दिली, तर पुढच्या बाळातला धोका सुमारे पाऊण भागाने कमी झाला, असे १९९१ साली सात देशांतल्या पाहणीत दिसून आले. नुसत्या भाजीवर तेवढी खात्री धरता येत नाही.

पण गोळीने ताट भरत नाही. चवळी, मूग, हरभरा, शेंगदाणे, मेथी यांत हे सत्त्व आहे, आणि त्याबरोबर प्रथिने, लोह, चोथा, शिवाय चवही. गोळीत जेवढे घातले तेवढेच असते. ब-१२ ची उणीव असेल तर फोलिकची गोळी रक्त सुधारून ती उणीव झाकते, व आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. म्हणून आपल्याच मनाने गोळ्या घेणेही बरे नव्हे.

आता माझी चूक सांगते. थोरल्याच्या वेळी मला गोळ्यांनी मळमळे, शौचास काळे होई. मी त्या कोणाला न सांगता पिठाच्या डब्यामागे टाकीत असे. बाळंतपणात रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. आईने माझे पाय चोळीत रात्र काढली. तिला मी ते आजवर सांगितलेले नव्हते. आता ती हे वाचील.

आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक असलेली गोळी मिळते. भाचीला मी सांगितले, "मळमळले तर डॉक्टरीणबाईंना विचार, रात्री जेवल्यावर घे, पण टाकू नकोस. आणि मेथी मी निवडून देते." ज्या गिरणीतल्या बायकांच्या रक्तावरून हे ज्ञान आले, त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. आपल्या लेकीसुनांची ताटे भरली व गोळ्या डब्यामागे गेल्या नाहीत, तर त्यांचे ऋण थोडे फिटेल असे वाटते. इतके सांगून लेखणी ठेवते.