गुठळी आणि पुरावा

पक्षाघात म्हटला म्हणजे वाकडे झालेले तोंड व लुळा पडलेला हात आपल्या डोळ्यांपुढे येतो. या व्याधीचा एक प्रकार मात्र याहून भयंकर आहे. मानेच्या मणक्यांतून वर चढणाऱ्या दोन धमन्या कवटीत एकत्र येतात आणि त्यांची एकच बॅसिलर धमनी होते. मेंदूच्या देठाचे पोषण प्रामुख्याने तिच्यावर अवलंबून असते. श्वास, गिळणे, डोळ्यांची हालचाल, इतकेच काय, माणसाची शुद्धदेखील या अंगठ्याएवढ्या जागेच्या स्वाधीन आहे. गुठळीने ही धमनी बंद झाली तर रोगी बेशुद्ध होतो. किंवा पूर्ण शुद्धीवर असूनही डोळ्यांखेरीज त्याला काहीच हलवता येत नाही.

१९४६ साली बॉस्टनच्या कुबिक व ॲडम्स या डॉक्टरांनी अशा १८ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध करून या रोगाची लक्षणे निश्चित केली. रोग ओळखता येऊ लागला, पण इलाज नव्हता. १९८३ मध्ये जर्मनीतील झॉयमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारीक नळी थेट गुठळीपर्यंत नेऊन तिच्यातून गुठळी विरघळवणारे औषध सोडल्याचा अनुभव मांडला. १९८८ साली हाके प्रभृतींनी ४३ रोग्यांचा हिशेब दिला. १९ जणांची धमनी उघडली व त्यांतील १४ जगले. उरलेल्या २४ जणांची उघडली नाही, ते सर्व दगावले. यापेक्षा स्पष्ट पुरावा तो कोणता, असे कोणासही वाटावे. परंतु ज्यांची धमनी उघडली त्यांचा आजारच मुळात सौम्य नसेल कशावरून?

पुढे साधने सुधारली. २००४ साली अमेरिकेत स्क्रूसारख्या पिळाच्या तारेला मान्यता मिळाली; नंतर जाळीदार नळ्या व गुठळी शोषून घेणारी यंत्रे आली. जांघेतील धमनीतून नळी वर सरकवायची, जाळी गुठळीत उघडायची आणि गुठळीसह बाहेर ओढून घ्यायची, अशी ही रीत. मेंदूच्या पुढील भागातील गुठळ्यांसाठी तिचा उपयोग २०१५ साली पाच चाचण्यांनी सिद्ध केला. मागील धमनीचे रोगी मात्र त्या चाचण्यांत नव्हते.

येथे खरा पेच उभा राहिला. पुरावा हवा, तर कोणाची गुठळी काढायची व कोणाला केवळ औषध द्यायचे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरले पाहिजे. समोर माणूस मरणाच्या दारी असताना आणि हाती तार असताना चिठ्ठी कोण टाकणार? चीनमधील एक चाचणी १३१ रोग्यांवर थांबवावी लागली, कारण औषधाच्या गटातील बऱ्याच जणांची गुठळीही शेवटी काढलीच गेली. नेदरलँड्समधून चालवलेल्या दुसरीला ३०० रोगी मिळण्यास २०११ ते २०१९ इतका काळ लागला. योग्य अशा अनेक रोग्यांवर चाचणीबाहेरच उपचार झाले होते. तिच्या दोन गटांत शेकडा ४४ व ३८ असा फरक दिसला, पण तो निर्णायक नव्हता. डॉक्टरांची करुणाच ज्ञानाच्या आड आली, असे आम्हांस म्हणावेसे वाटते. आणि त्या करुणेस दोष देण्याचे धैर्यही आम्हांस होत नाही.

अखेर २०२२ साली चीनमधील दोन चाचण्यांनी निकाल दिला. पहिल्या १२ तासांत आलेल्या ३४० रोग्यांच्या चाचणीत, गुठळी काढलेल्यांपैकी शेकडा ४६ जण तीन महिन्यांनी दुसऱ्याच्या आधाराशिवाय चालू शकत होते. केवळ औषधावरचे २३. मृत्यूचे प्रमाण ५५ वरून ३७ वर आले. दुसरीने ६ ते २४ तासांच्या रोग्यांतही लाभ दाखवला. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढला हेही खरे, आणि निम्म्याहून अधिक रोगी तरीही पुरते सावरले नाहीत.

अकस्मात भोवळ येऊन एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली, तोल सुटला, तर पित्त म्हणून सुंठ-साखर देत बसू नये. तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. हा उपाय आज खात्रीने सांगता येतो याचे श्रेय तार घडवणाऱ्यांना आहेच. पण "मला अजून ठाऊक नाही" असे म्हणून चिठ्ठी टाकणाऱ्या डॉक्टरांना, आणि ती मान्य करणाऱ्या अनाम कुटुंबांना, ते तितकेच द्यावे लागेल.