देहूरोड : अनेक भाषांचं गाव



दरवर्षी २५ डिसेंबरला आपल्या मार्केट यार्डातून पुष्कळ कुटुंबं देहूरोडच्या धम्मभूमीला जातात. लोकलने उतरायचं, मूर्तीला वंदन करायचं, संध्याकाळी परत यायचं. पण ते गाव वसलं कसं, तिथं राहतं कोण, हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

देहू हे तुकोबांचं गाव. तिकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं स्टेशन म्हणून देहूरोड. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथं लष्कराचे डेपो झाले आणि माणसं कामाला आली. मावळातली मराठी माणसं होतीच. शिवाय तमिळ, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, उर्दू बोलणारी आली. आजही बाजारातून एक चक्कर मारा, चार-पाच भाषा कानावर पडतील.

आपली काही पोरं मात्र तमिळ माणसाला 'मद्रासी' म्हणून हिणवतात, 'हे बाहेरचे' म्हणतात. त्यांनी जवळच्या घोरवडेश्वराच्या डोंगरावर जावं. तिथल्या शेलारवाडीच्या लेण्यांत ब्राह्मी अक्षरांत, प्राकृत भाषेत एक लेख आहे. धेनुकाकट गावच्या एका नांगरधारी शेतकऱ्याच्या बायकोने, मुलासह, ते लेणं दान दिलं. त्याच धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे मूळच्या परदेशी लोकांनी, कार्ल्याच्या चैत्याला खांब दिले. दान घेताना संघाने कुणाची भाषा विचारली नाही.

परमपूज्य बाबासाहेब १९५४ च्या डिसेंबरात रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. तिथून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला, आपल्याच लोकांनी बांधलेल्या विहारात बसवली. नागपूरच्या दीक्षेच्या पावणेदोन वर्षं आधीची ही गोष्ट. सामान्य माणसाला समजेल असा धम्मावरचा ग्रंथ लिहितो आहे, हेही त्यांनी त्याच सभेत सांगितलं. तो 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला.

आता तमिळ भाषेकडे पाहा. मद्रासकडे अयोथी दास पंडितांनी १८९८ साली शाक्य बौद्ध संघ काढला आणि १९०७ पासून तमिळ साप्ताहिक चालवलं. म्हणजे आपल्या दीक्षेच्या अठ्ठावन्न वर्षं आधी तिथल्या अस्पृश्य माणसानं बुद्धाची वाट धरली होती. त्याच चळवळीतल्या प्रा. लक्ष्मी नरसू यांच्या बौद्ध धम्मावरील इंग्रजी ग्रंथाची नवी आवृत्ती बाबासाहेबांनी १९४८ साली स्वतः प्रस्तावना लिहून काढली. मग बाहेरचं कोण?

ज्याने त्याने आपापल्या बोलीत धम्म शिकावा, असं तथागतांनी सांगितल्याचं विनयपिटकात आहे. तेव्हा यंदा देहूरोडला गेलात की वंदना झाल्यावर लगेच गाडी पकडू नका. शेजारच्या तमिळ, तेलुगू घरांशी दोन शब्द बोला, आपल्या पोरांनाही बोलायला लावा. मूर्ती रंगूनहून आली म्हणून ती आपल्याला परकी वाटली नाही. माणसंही वाटू नयेत.

जय भीम, नमो बुद्धाय!