राळेची नाडी

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण झाकण उघडता येते. विमानाचा कार्बनतंतू-इपॉक्सीचा भाग मात्र ऑटोक्लेव्हमध्ये उष्णता आणि दाबाखाली तासन्‌तास बंद असतो. दाब लवकर दिला तर पातळ राळ वाहून जाते. उशीर झाला तर बुडबुडे आतच कोंडतात. एकदा आळलेली इपॉक्सी पुन्हा वितळत नाही, म्हणजे चुकलेला भाग भंगारात. या बंद दारामागची बातमी विजेने आणली. ती युक्ती मात्र इपॉक्सीच्या व्यापाराहून जुनी आहे.

सिबा कंपनीचे अ‍ॅराल्डाइट बाजारात आले १९४६ मध्ये. त्याआधी बारा वर्षे, १९३४ मध्ये, किएन्ल आणि रेस या अमेरिकी संशोधकांनी अल्किड राळा आळत असताना त्यांचे विद्युत गुणधर्म मोजले होते.

मोजायचे काय? राळ विद्युतरोधक खरी, पण तिच्यात थोडे भटके आयन असतात. इपॉक्सीत ते बहुधा निर्मितीतच मागे राहतात. एपिक्लोरोहायड्रिनपासून ती बनवताना उरलेले क्लोराइड हे नेहमीचे उदाहरण. राळ तापून पातळ झाली की आयन मोकळे फिरतात, वाहकता वाढते. रेणू एकमेकांना जोडले जाऊन ती दाट होऊ लागली की आयन अडखळतात आणि वाहकता हजारो पटींनी घसरते. शेवटी आलेख जवळजवळ सपाट झाला की समजावे, अभिक्रिया संपत आली. रसायनकाराला नकोशी वाटणारी अशुद्धीच येथे वार्ताहर ठरते!

किएन्ल आणि रेस यांना दाटपणा व वाहकतेचे हे नाते दिसले. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, ते कोठे तुटते हेही त्यांनी नोंदवले. राळेचा जेल होतो त्या क्षणी तिचे वाहणे थांबते, पण वाहकतेत अचानक उडी दिसत नाही. कारण सोपे आहे: रेणूंचे जाळे भांडेभर पसरले तरी त्याच्या छिद्रांतून चिमुकले आयन निसटतच राहतात. जाळे पडले म्हणून बारीक मासळी अडकत नाही.

मग हे तंत्र कारखान्यात पोहोचायला अर्धे शतक का लागले? अडचण कल्पनेची नव्हती, उपकरणाची होती. राळ दोन समांतर पट्ट्यांमध्ये ठेवून मोजावी, तर दाबाने आणि आकसण्याने पट्ट्यांमधले अंतरच बदलते, आणि मापन बिघडते. १९८० च्या दशकाच्या आरंभी एमआयटीत स्टीफन सेंचुरिया आणि नॉर्मन शेपर्ड यांनी फण्यांसारखे एकमेकांत गुंतलेले इलेक्ट्रोड सिलिकॉनच्या चिपवर बसवले, शेजारी ट्रान्झिस्टर आणि तापमानमापकही. इलेक्ट्रोडमधले अंतर आता कायमचे ठरलेले होते, आणि हर्ट्झच्या शतांशाहूनही कमी वारंवारतेवर मोजता येऊ लागले. कार्बनतंतू स्वतःच वीज वाहतात, म्हणून ते इलेक्ट्रोडना टेकून मापन बिघडवू नयेत यासाठी मध्ये काचतंतूंचे कापड ठेवावे लागे, एवढा साधा उपाय! त्याच दशकात डेव्हिड क्रॅनब्यूल यांनीही नासाच्या लँग्ली केंद्राच्या सहकार्याने असेच संवेदक विकसित केले.

१९८६ मध्ये सेंचुरिया आणि शेपर्ड यांनी या विषयाचा विस्तृत आढावा लिहिला. त्यात त्यांनी मोकळेपणाने मान्य केले की, बहुतेक मुख्य प्रश्न १९३४ मध्येच ओळखले गेले होते. जेलचा क्षण मात्र चिपलाही सापडला नाही. त्यासाठी दाटपणाच्या वेगळ्या यांत्रिक चाचण्यांशी आलेख ताडून पाहावाच लागतो.