२०२४ मध्ये मास्टर्सचं तिकीट १४० डॉलरचं होतं, पण त्याच मैदानावर खेळायचं असेल तर? जाणून घ्या नामांकित गोल्फ कोर्सचं गणित

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नावाचं शहर आहे. दरवर्षी एप्रिल महिन्यात इथल्या ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लबमध्ये ‘मास्टर्स’ ही स्पर्धा भरते. २०२४ मध्ये या स्पर्धेच्या एका दिवसाचं तिकीट १४० डॉलर होतं, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेबारा हजार रुपयांच्या आसपास. आत मिळणारं पिमेंटो चीज सँडविच फक्त दीड डॉलरला. अमेरिकेत मोठ्या स्पर्धेच्या मैदानावर इतक्या पैशांत पाण्याची बाटलीही सहसा मिळत नाही.

पण त्याच हिरवळीवर आपण स्वतः एक फेरी खेळायची म्हटली तर? खिशात कितीही पैसे असोत, बाहेरच्या माणसाला तिथे बुकिंगच मिळत नाही.

गोल्फ पाहणं आणि गोल्फ खेळणं यांच्या खर्चाचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, तो असा. कुठे पैसे लागतात, कुठे नशीब, कुठे ओळख, तर कुठे फक्त त्या गावचा पत्ता. नेमकं काय लागेल हे ठरतं कोर्स कोणाच्या मालकीचा आहे यावरून.

स्पर्धा प्रत्यक्ष पाहायची म्हणजे काय?

पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये चार स्पर्धा सर्वात मोठ्या मानल्या जातात. मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि ब्रिटनमध्ये होणारी द ओपन. यातली एकटी मास्टर्स दरवर्षी एकाच ठिकाणी होते. बाकीच्या तिन्ही स्पर्धांची मैदानं बदलत राहतात.

स्पर्धा साधारणपणे गुरुवार ते रविवार अशी चार दिवस चालते. रोज १८ होलची एक फेरी. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर मागे पडलेले खेळाडू बाहेर जातात, याला ‘कट’ म्हणतात. स्पर्धेआधीच्या दिवसांत सराव चालतो आणि मोठ्या स्पर्धांत त्याचीही तिकिटं मिळतात.

क्रिकेटच्या स्टेडियममध्ये एका खुर्चीवर बसून सगळा सामना दिसतो, तसं इथे होत नाही. अठरा होलचा कोर्स १०० ते २०० एकरांवर पसरलेला असतो आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी खेळ चालू असतो. त्यामुळे प्रेक्षकापुढे दोनच मार्ग उरतात. आवडत्या खेळाडूच्या मागे दोरीबाहेरून चालत राहायचं, किंवा एखाद्या होलजवळ जागा धरून येणारे-जाणारे सगळे खेळाडू पाहायचे. पहिल्या मार्गात दिवसाला आठ-दहा किलोमीटर चाल सहज होते.

मास्टर्सचं तिकीट मिळतं कसं?

मास्टर्सची तिकिटं सोडतीने मिळतात. म्हाडाच्या घरांसाठी अर्ज भरून सोडतीची वाट पाहावी लागते, तसाच हा प्रकार. स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर आदल्या वर्षी अर्ज करायचा आणि निकालाची वाट पाहायची. अर्जाला पैसे पडत नाहीत. २०२४ मध्ये सरावाच्या दिवसाचं तिकीट १०० डॉलर होतं.

चारही दिवसांचा पास वर्षानुवर्षं ठरावीक लोकांकडेच आहे. त्यासाठीची प्रतीक्षा यादी १९७२ मध्ये सुरू झाली आणि १९७८ मध्ये ती बंद करावी लागली, इतकी नावं आली होती.

साहजिकच बाहेर पुनर्विक्रीत हीच तिकिटं हजारो डॉलरना विकली जातात. क्लबला ही पुनर्विक्री मान्य नाही आणि असं तिकीट रद्द होऊ शकतं. म्हणजे हजारो डॉलर मोजूनही दारातून परत फिरण्याचा धोका असतो.

आतले नियमही कडक आहेत. मोबाइल नेता येत नाही. फोन करायचाच असेल तर आवारात ठेवलेले फोन वापरायचे. पळायला मनाई आहे. सकाळी आपली घडीची खुर्ची ग्रीनजवळ मांडून ठेवली की दिवसभर ती जागा आपली. मालक फिरायला गेला असेल तर दुसरा कोणी तात्पुरता बसू शकतो, पण तो आला की उठावं लागतं.

ऑगस्टावर खेळतं कोण?

महान गोल्फपटू बॉबी जोन्स आणि गुंतवणूक व्यवसायातले क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी हा क्लब उभा केला. १९३४ मध्ये इथे पहिली स्पर्धा झाली. क्लबचे सुमारे ३०० सदस्य आहेत. सदस्यत्वासाठी अर्ज करता येत नाही, क्लबकडून निमंत्रण यावं लागतं. पहिला कृष्णवर्णीय सदस्य १९९० मध्ये आला. महिलांना तर २०१२ पर्यंत थांबावं लागलं. माजी परराष्ट्रमंत्री काँडोलिझा राइस आणि उद्योजिका डार्ला मूर या पहिल्या दोन महिला सदस्य.

सदस्याचा पाहुणा म्हणून खेळता येतं. स्पर्धा संपल्यावर सोमवारी वार्तांकनाला आलेल्या काही पत्रकारांनाही सोडतीतून एक फेरी मिळते. बाकीच्यांनी टीव्हीवर पाहायचं.

पैसे असतील तर पेबल बीच

कॅलिफोर्नियाचा पेबल बीच कोर्स १९१९ मध्ये सुरू झाला. समुद्राच्या कड्याला लागून असलेला हा कोर्स रिसॉर्टचा भाग आहे, त्यामुळे पैसे भरणाऱ्या कोणालाही तो खुला आहे. टायगर वूड्सने २००० ची यूएस ओपन तब्बल १५ फटक्यांच्या फरकाने जिंकली, ती इथेच.

२०२४ मध्ये इथली ग्रीन फी ६७५ डॉलर होती. ग्रीन फी म्हणजे एका फेरीसाठी कोर्स वापरण्याचं भाडं. रुपयांत मोजलं तर सुमारे ५६ हजार, तेही साडेचार-पाच तासांच्या खेळासाठी. सामान वाहणारा आणि फटक्याचा अंदाज सांगणारा कॅडी घेतला तर त्याचे पैसे आणि टिप वेगळी. शिवाय बरंच आधी आरक्षण हवं असेल तर रिसॉर्टमध्येच मुक्काम करावा लागतो. खरा खर्च तिथेच वाढतो.

सर्वात जुना कोर्स, तोही सार्वजनिक

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सला गोल्फची पंढरी म्हटलं तरी चालेल. तिथे पंधराव्या शतकापासून गोल्फ खेळला जातो. इतकं नाव असूनही हा कोर्स कोण्या खासगी क्लबचा नाही. जमीन सार्वजनिक आहे आणि व्यवस्था एक ट्रस्ट पाहतो.

२०२५ च्या हंगामात पाहुण्यांसाठी ग्रीन फी ३४० पौंड होती, म्हणजे ३९-४० हजार रुपये. गावकऱ्यांना मात्र वार्षिक पास मिळतो आणि त्यांचा खर्च पाहुण्यांच्या तुलनेत अगदी किरकोळ असतो. पाहुण्यांसाठी काही वेळा दोन दिवस आधीच्या सोडतीने ठरतात. खेळाची पातळी दाखवणारा अधिकृत ‘हँडिकॅप’ही लागतो, त्यामुळे हातात पहिल्यांदाच स्टिक धरलेल्याला तिथे उतरता येत नाही.

खेळण्यापेक्षा पाहणं महाग!

न्यूयॉर्कजवळचा बेथपेज ब्लॅक हा कोर्स तर सरकारी उद्यानात आहे. सुरुवातीलाच फलक आहे की कोर्स अतिशय अवघड आहे, फक्त निष्णात खेळाडूंनीच खेळावा. २००२ आणि २००९ ची यूएस ओपन इथे झाली. न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशाला एका फेरीला शंभर डॉलरपेक्षा कमी पैसे पडत आले आहेत, बाहेरच्यांना त्याहून बरेच जास्त. जागा मिळावी म्हणून लोक पार्किंगमध्ये गाडीतच रात्र काढतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये याच कोर्सवर अमेरिका विरुद्ध युरोप अशी रायडर कप स्पर्धा झाली. सामन्याच्या एका दिवसाचं तिकीट होतं जवळपास ७५० डॉलर. स्थानिक माणसाने तेवढ्या पैशांत तिथे सात-आठ वेळा खेळून घेतलं असतं.

फी इतकी का असते?

हिरवळ, पाणी, यंत्रं आणि माणसं यांचा खर्च मोठा असतोच, पण मुख्य कारण म्हणजे मर्यादित जागा. साधारण दहा मिनिटांनी चौघांचा एक गट सोडला तर तासाला २४ खेळाडू होतात. दिवसात प्रकाश असेपर्यंतच खेळ चालतो, त्यामुळे दोन-अडीचशेच्या पुढे आकडा जात नाही. मोठी स्पर्धा टीव्हीवर झळकली की मागणी जगभरातून येते. दिवसाच्या जागा मात्र तेवढ्याच राहतात.

भारतीयांसाठी काय?

पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०२२ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये फक्त एका फटक्याने दुसरा आला. फ्लोरिडातला तो टीपीसी सॉग्रास कोर्स सामान्यांनाही पैसे भरून खेळता येतो. पाण्याने वेढलेला त्याचा सतरावा होल जगप्रसिद्ध आहे. भारतातही ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर ४० लाख डॉलर बक्षिसाची स्पर्धा झाली. रोरी मॅकलरॉय तिथे खेळला आणि टॉमी फ्लीटवूड जिंकला.

स्पर्धा पाहायला जायचं असेल तर आधी सरावाच्या दिवसाचं तिकीट बघावं. ते स्वस्त असतं, गर्दी तुलनेने कमी असते आणि मास्टर्समध्ये त्या दिवशी कॅमेराही नेता येतो. तिकीट अधिकृत ठिकाणीच घ्यावं, चालण्याचे बूट घालावेत आणि मोबाइलचा नियम आधी वाचावा.

फक्त कोर्स डोळ्यांनी पाहायचा असेल तर त्याहून स्वस्त मार्ग आहेत. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली मराठी कुटुंबं पाहुण्यांना ‘सेव्हन्टीन माइल ड्राइव्ह’वर नेतात. त्याच रस्त्यावर गाडीमागे साधारण बारा डॉलर भरून पेबल बीचपर्यंत जाता येतं. आणि सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर एरवी रविवारी गोल्फ बंद असतो. त्या दिवशी गावकरी कुत्री घेऊन तिथे फिरायला येतात. कोणीही आत जाऊन चालू शकतं, तिकीट लागत नाही.